ऋतू उलटे करून मांडलेली यादी

न्यूझीलंडमध्ये काय काय करायचं याची यादी करणं हे मजेचं काम आहे, आणि सुरुवातीला ते मजेचंच होतं. मला क्राइस्टचर्चला दोन वर्षांचं काम मिळालं, नवऱ्याच्या ऑफिसने त्याला तिथून काम करायची परवानगी दिली, आणि निघायला बरेच महिने हातात होते. दोघंही कॉलेजपासून सह्याद्रीत हिंडलेलो. आमची ओळखच मुळी राजगडाच्या वाटेवरची. त्यामुळे कुकर न्यायचा की तिथे घ्यायचा आणि कोथरूडचं घर भाड्याने द्यायचं का, या प्रश्नांच्या आधी एक्सेल शीट उघडली गेली ती डोंगरांची. त्याने मिलफर्ड ट्रॅक लिहिला. मी टोंगारिरो लिहिलं. त्याने बंजी जंपिंग लिहिलं, मी ते काढलं, त्याने परत लिहिलं. ट्रेकच्या ग्रुपवर बातमी कळल्यावर तर रील्सचा पाऊसच सुरू झाला आणि प्रत्येक रीलमागे शीटमध्ये एक ओळ वाढत गेली. पंधरवड्यात यादी अशी लांबली की ती पुरी करायची तर ज्या नोकरीसाठी चाललोय तीच सोडावी लागली असती.

तिथे कायद्याने वर्षाला किमान चार आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. त्यातली काही पुण्याला यायला राखून ठेवायची. उरले शनिवार-रविवार, नाताळची सुट्टी, ईस्टर आणि मधल्या सार्वजनिक सुट्ट्या. एवढ्या भांडवलावर दोन वर्षं. हे एकदा शीटच्या माथ्यावर लिहून टाकलं आणि मग खरं काम सुरू झालं.

पहिली गोष्ट म्हणजे ऋतू. दक्षिण गोलार्धात डिसेंबर म्हणजे उन्हाळा हे शाळेत शिकलेलं असतं, पण ते पायांना माहीत नसतं. माझ्या डोक्यातलं भटकंतीचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं: पहिल्या पावसात लोहगड, श्रावणात ताम्हिणी, सप्टेंबरात फुलं, दिवाळीनंतर लांबचे ट्रेक, आणि मार्चनंतर निघायचं ते रात्रीच. तिथे दिवाळीला वसंत असतो आणि आषाढी एकादशीला ऐन हिवाळा. मी सवयीने ‘हिवाळ्यात मोठे ट्रेक’ असं लिहून मोकळी झाले होते; त्या हिशेबाने आम्ही जुलैत, बर्फात, खिंडी ओलांडायला निघालो असतो.

मग ठिकाणांची नावं बाजूला ठेवली आणि आधी महिन्यांचे रकाने ओढले. सप्टेंबर ते नोव्हेंबर वारे जोरदार, आणि उंच खिंडींवर नोव्हेंबरातसुद्धा हिमकडे कोसळण्याची भीती. डिसेंबर-जानेवारीत दिवस मोठे, रात्री दहापर्यंत उजेड, पण शाळांच्या सुट्ट्यांमुळे गर्दी. फेब्रुवारी-मार्चमध्ये हवा त्यातल्या त्यात स्थिर. एप्रिलमध्ये पानगळीचे रंग. जून ते ऑगस्ट बर्फ, म्हणजे आमच्यासारख्यांनी एक तर स्की शिकायचं, नाही तर सखल भागात फिरायचं. हे रकाने पडल्यावर यादीतली बरीचशी ओढाताण न भांडता संपली. वानाकाजवळचा रॉइज पीक आम्ही ऑक्टोबरात धरला होता. तो रस्ता खासगी कुरणांतून जातो आणि मेंढ्यांच्या विणीसाठी दर वर्षी १ ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर बंद असतो. पुढे त्याची तारीख बदलण्याऐवजी तो काढूनच टाकला. माथ्याजवळच्या एका सोंडेवर फोटोसाठी रांग लागते म्हणे. रांगेत उभं राहून फोटो काढायची हौस कळसूबाईला रविवारी जाऊन भागते.

दुसरी गोष्ट जरा नाजूक होती. ग्रुपमध्ये एक सीनियर मित्र आहे, उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा कोर्स करून आलेला, हिमालयात बऱ्यापैकी वावरलेला. त्याला शीट दाखवली. त्याने ती वरून खाली पाहिली आणि विचारलं, “यातलं तुम्हाला येतं काय काय?” आम्ही म्हटलं, चालता येतं. तो म्हणाला, “मग जे येत नाही त्याचा एक रकाना काढा. नाही तर ही लिस्ट म्हणजे हॉटेलचं मेनूकार्ड आहे.”

तो रकाना भरायला बसलो तेव्हा कुठे विषय कळायला लागला. सह्याद्रीने आम्हाला काय दिलंय? चढ-उतार, ऊन, तहान, धो धो पाऊस, अंधारात चालणं, घसाऱ्यावर तोल सांभाळणं. आकड्यांत पाहिलं तर तिथले डोंगर फार परके वाटत नाहीत. कळसूबाई १६४६ मीटर. क्राइस्टचर्चपासून गाडीने दोनेक तासांवर असलेल्या आर्थर्स पास गावाच्या डोक्यावरचा अव्हलांच पीक १८३३ मीटर. गावातून माथ्यापर्यंत सुमारे अकराशे मीटर चढ. दम लागेल, पण पायांना ओळखीचा. मात्र कळसूबाईवर ऐन मे महिन्यात अचानक बर्फ पडत नाही. तिथे भर उन्हाळ्यात पडू शकतो. सकाळी टी-शर्टवर निघालेला माणूस दुपारी गारठून बोलायचा बंद होतो, अशा घटनांची वर्णनं तिथल्या माउंटन सेफ्टी कौन्सिलच्या साहित्यात वाचली आणि ‘येत नाही’ या रकान्यात पहिली नोंद झाली: थंडीत ओलं राहणं. पावसात ओलं राहण्यात आम्ही पीएचडी आहोत, पण तो पाऊस कोमट असतो.

दुसरी नोंद नद्यांची. आपल्याकडे पावसाळ्यात ओढा भरला की गावातला एखादा मामा सांगतो, “आज नका जाऊ, उद्या उतरंल.” तिथे सांगायला मामा नाही, आणि पाणी बर्फाचं. न्यूझीलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात वसाहतींच्या सुरुवातीच्या काळात नद्यांमध्ये बुडून इतकी माणसं जात की बुडण्याला ‘न्यूझीलंडी मरण’ असंच म्हणायचे. आजही पूल नसलेल्या ठिकाणी नदी कशी ओलांडायची याचं वेगळं प्रशिक्षण देतात: पाणी कुठे पसरट आहे ते बघायचं, सॅकचा कमरेचा पट्टा सैल आहे की घट्ट याचा विचार आधी करायचा, खांद्याला खांदा लावून, एकमेकांना पाठीमागून धरून उतरायचं, आणि शंका आली तर उतरायचंच नाही. आम्ही ठरवलं की असं प्रशिक्षण तिथे गेल्यावर घेतल्याशिवाय पूल नसलेली एकही वाट यादीत येणार नाही. एवढ्या एका नियमाने शीटमधले नवऱ्याचे दोन लाडके ट्रेक दुसऱ्या वर्षात ढकलले गेले. तो आठवडाभर फुगला होता.

तिसरी नोंद वाचताना हसू येईल, पण ती खरी आहे: वाट विचारायला माणूस नसणं. आम्ही नकाशावर चालणारी माणसं नाही. गडाच्या पायथ्याचं गाव, खडकावर मारलेले बाण, गुराखी, आणि अगदीच चुकलो तर कुठल्या तरी धनगरवाड्यातला कुत्र्यांचा आवाज, यावर आमची सगळी भटकंती झालेली. तिथे लोकप्रिय वाटांवर झाडांना केशरी त्रिकोण ठोकलेले असतात, पण त्यापलीकडे तुम्ही आणि नकाशा. त्यांचे १:५०,००० प्रमाणाचे टोपो५० नकाशे कोणालाही फुकट उतरवून घेता येतात. आम्ही ते छापून आणले आणि त्या सीनियर मित्राकडे समोच्च रेषा वाचायला शिकलो. नकाशा क्राइस्टचर्चच्या बाजूचा आणि सराव वेताळ टेकडीवर असला उद्योग चालला नसता, म्हणून सरावासाठी सिंहगड परिसराचा वेगळा नकाशा घेतला. कात्रज ते सिंहगड हा सगळ्या पुण्याला पाठ असलेला रस्ता आम्ही एकदा बाण न बघता, फक्त नकाशा आणि होकायंत्र घेऊन केला. नेहमीपेक्षा खूप वेळ लागला. मधल्या एका टेकडीवर आमच्या मागून आलेला कॉलेजचा घोळका थांबला, त्यातल्या एकाने अत्यंत आदराने विचारलं, “काका, रस्ता चुकलात का?” नवरा चाळिशीच्या आतला आहे. ‘काका’ हा शब्द त्याला नद्यांपेक्षा जास्त लागला.

चौथी नोंद, पोटाची. राजगडावर पद्मावती मंदिरात पथारी पसरलेल्या आणि सकाळी मावशींकडचं पिठलं-भाकरी-ठेचा खाल्लेल्या माणसाला डोंगरात राहायला जागा हवी म्हणजे काय हे चांगलं कळतं. न्यूझीलंडच्या डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्व्हेशनकडे, म्हणजे डॉककडे, देशभर साडेनऊशेहून जास्त हट आहेत. काही हटमध्ये नुसतं छप्पर, फळ्या आणि पावसाच्या पाण्याची टाकी. काही मोठ्या, चाळीस-पन्नास माणसं झोपतील अशा. पण मावशी कुठेच नाहीत. ‘ग्रेट वॉक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाटांवरच्या बहुतेक हटमध्ये हंगामात गॅसच्या शेगड्या असतात, बाकी ठिकाणी शेगडी, गॅस, भांडं, शिधा, कचरा परत आणायची पिशवी, सगळं पाठीवर. आपण सिंहगडावर पाठीवर पाण्याची बाटली आणि फार तर जॅकेट घेऊन चढतो. मार्चपासून आम्ही सॅकमध्ये तांदळाच्या पिशव्या भरून चढायला लागलो. दह्याचं मडकं घेऊन बसलेल्या बाईंनी विचारलं, वर विकायला नेताय का.

या शिध्याच्या प्रकरणात आईने जो रस घेतला तो बाकी कशातच घेतला नव्हता. ट्रेकसाठी वाळवलेलं जेवण तिथे पाकिटात मिळतं, गरम पाणी ओतलं की तयार. ते महाग असतं आणि चवीला काय असेल देव जाणे. मी तिला सांगितलं की आम्ही शिजवलेली उसळ, डाळ, भात वाळवून बघणार आहोत. ती म्हणाली, “अगं, मग हे वाळवणच की. एवढं काय त्यात.” एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया आणि सांडग्यांच्या शेजारी प्लॅस्टिकच्या कागदावर मुगाची उसळ पसरली गेली. मूग, मसूर उत्तम वाळले. राजमा बाहेरून कोरडा, आतून ओला राहून आंबला. तेल जास्त असलेलं काहीही टिकत नाही, खवट होतं. म्हणून फोडणी वेगळी, तेल वेगळ्या बाटलीत. बटाट्याचा कीस वाळवून ठेवला की कशातही घालता येतो. मऊ भात चांगला वाळतो पण परत शिजायला वेळ आणि गॅस खातो. पोहे हे मुळात तयार असल्यामुळे सगळ्यांत शहाणे. या सगळ्यातलं काही आम्ही बरोबर नेणार नाही. न्यूझीलंडमध्ये उतरताना खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते, मध चालतच नाही, दुधाच्या आणि बियांच्या पदार्थांवर बरीच बंधनं. तेव्हा गच्चीवरची ही रंगीत तालीम होती. तिथे वाळवण्याचं छोटं यंत्र घ्यायचं आणि आईची प्रमाणं वापरायची असं ठरलंय. तिने ती वहीत लिहून दिली आहेत, ‘अंदाजाने’ हा शब्द अजिबात न वापरता. माझ्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडलं.

आता मिलफर्डचं सांगते, कारण ग्रुपवर सगळ्यांनी तेच विचारलं. मिलफर्ड ट्रॅक साडेत्रेपन्न किलोमीटरचा, चार दिवस आणि तीन रात्रींचा. हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलअखेरपर्यंत. या काळात चालायचं एकाच दिशेने, प्रत्येक हटमध्ये एकच रात्र, आणि स्वतःच्या जिवावर चालणाऱ्यांसाठी दिवसाला जागा फक्त ४०. वाटेत ११५४ मीटरची मॅकिनन खिंड आणि ५८० मीटर उंचीचा सदरलंड धबधबा. पाऊस वर्षाला सहा हजार मिलीमीटरच्या वर. पुणे शहराच्या वार्षिक पावसाच्या आठपट तरी धरा. ताम्हिणी पाहिलेल्या माणसाला हे वर्णन वाचून घरी आल्यासारखं वाटतं. अडचण एकच: जगातल्या सगळ्यांनाच तिथे जायचं असतं. बुकिंग आदल्या मे-जूनमध्ये उघडतं, प्रत्येक ट्रॅकचा दिवस वेगळा, वेळ तिथल्या सकाळी साडेनऊची. म्हणजे पुण्यात पहाटेचे तीन.

पहाटे तीनला उठून ट्रेकला निघायची सवय आहे, खुर्चीत बसायची नाही. चहा करून दोन लॅपटॉप आणि दोन फोन मांडून बसलो. साइटवर आधी एका प्रतीक्षागृहात थांबायचं. वेळ झाली की तिथल्या सगळ्यांना चिठ्ठ्या टाकल्यासारखे क्रमांक मिळतात, तुम्ही किती आधी आलात याला किंमत नाही. नवऱ्याचा नंबर माझ्यापेक्षा बरा लागला, पण आत पोचेपर्यंत आम्हाला हव्या त्या सगळ्या तारखा गेलेल्या होत्या. आमची आधीच एक बोलणी झाली होती, आणि तिचा मला अजून आनंद आहे: मिलफर्ड मिळाला नाही तर जी मिळेल ती कुठलीही तारीख घ्यायची नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात काही जागा होत्या. तेव्हा खिंडीवर बर्फ असू शकतो, आणि आमचा ‘येत नाही’चा रकाना तोपर्यंत रिकामा झालेला नसणार. लॅपटॉप बंद केले.

काही दिवसांनी परत पहाटे तीन, या वेळी केपलर ट्रॅकसाठी. तो मिळाला, मार्चमधला. खरं सांगायचं तर जितकं वाचत गेले तितका मला केपलरच जास्त आवडत गेला. साठ किलोमीटरचं वर्तुळ आहे, टे आनाऊ गावापासून निघून तिथेच परत. मिलफर्ड आणि रूटबर्नवरची गर्दी कमी व्हावी म्हणून १९८८ मध्ये ही वाट मुद्दाम आखून बांधली. पहिल्या दिवशी जंगलातून चढत झाडं संपतात तिथे लक्समोर हट, आणि दुसरा दिवस सगळा उघड्या धारेवर, दोन्ही बाजूंना दऱ्या. राजगड-तोरणा करणाऱ्याला धार म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. वर्तुळ असण्याचा फायदा रूटबर्नशी ताडून पाहिल्यावर कळतो. रूटबर्न पायी जेमतेम ३३ किलोमीटर, पण त्याची दोन टोकं गाडीरस्त्याने साडेतीनशे किलोमीटर लांब. एका टोकाला गाडी लावून दुसऱ्या टोकाला उतरलात की गाडीपर्यंत पोचायला अर्धा दिवस. गुंजवण्याला बाईक ठेवून वेल्ह्याला उतरलेल्यांना ही तऱ्हा ठाऊक आहे. इथे निदान जीप मिळते.

टोंगारिरो राहिलं, पण त्याची नोंद बदलली. उत्तर बेटावरचा हा सुमारे वीस किलोमीटरचा एका दिवसाचा रस्ता जिवंत ज्वालामुखींच्या मधून जातो. २०१२ मध्ये तिथे उद्रेकही झाला होता. माझ्या मूळ ओळीत ‘बाजूचं नौरुहोए शिखरही’ असं होतं. माओरी लोकांसाठी ती शिखरं पवित्र आहेत, आणि शिखरांवर चढू नका, तळ्यांच्या पाण्याला हात लावू नका अशी विनंती केली जाते. बंदी नाही, विनंती आहे. देवराईतलं लाकूड तोडू नये हे ज्याला लहानपणापासून सांगितलंय त्याला यात समजण्यासारखं अवघड काही नाही. ओळीचा उत्तरार्ध पुसला.

व्हांगानुई नदीचा प्रवास माझ्या यादीत कुणालाच अपेक्षित नव्हता. तो ‘ग्रेट वॉक’मध्ये गणला जातो, पण चालायचं नसतं, तौमारुनुईपासून पिपिरिकीपर्यंत १४५ किलोमीटर कनू वल्हवत जायचं, पाच दिवस. या नदीला २०१७ मध्ये कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला, नदीच्या वतीने बोलायला माणसं नेमली. मुळा-मुठेच्या काठच्या माणसाने हे वाचून जरा गप्प व्हावं. मला पोहता यायचं ते तलावाच्या कडेला धरून. टिळक टँकवर सकाळच्या बॅचला नाव घातलं. माझ्या बॅचमध्ये बाकी सगळ्या दुसरी-तिसरीतल्या मुली. व्हांगानुई सध्या दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत आहे, आणि ती तिथे राहील की नाही हे पूर्णपणे त्या टँकवर अवलंबून आहे.

आई-बाबा येणार तेव्हाचा रकाना वेगळा केला, आणि तो बनवताना सगळ्यांत मजा आली. बाबांना डोंगराचं प्रेम नाही, आकाशाचं आहे. तरुणपणी टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या व्याख्यानांना जायचे. त्यांनी शीटमध्ये स्वतः एकच ओळ घातली: टेकापो. तिथला मॅकेंझी खोऱ्याचा भाग २०१२ पासून आंतरराष्ट्रीय गडद-आकाश राखीव क्षेत्र आहे. बाबांनी मला बसवून समजावलं. पुण्यातून अगस्ती हिवाळ्यात दक्षिणेला थोडासा वर येतो आणि मावळतो. क्राइस्टचर्चच्या अक्षांशावर तो मावळतच नाही. त्रिशंकू आपल्याकडे मे महिन्यात क्षितिजाला खेटून दिसतो, तिथे डोक्याच्या बाजूला येतो. मृग उलटा. ध्रुव नाहीच. मॅगेलनचे ढग, जे इथून पाहायला मिळत नाहीत, ते नुसत्या डोळ्यांनी. मी म्हटलं, डिसेंबरात या मग. ते म्हणाले, “डिसेंबरात तुमच्याकडे अंधार पडणार रात्री अकराला, मग मी काय जेवणानंतर तासभर वाट बघू?” त्यांनीच तोड काढली: पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावास्या असतेच, मार्च-एप्रिलचे दिवस, रात्र पुरेशी मोठी, थंडी सोसवेल अशी. म्हणून गुढीपाडवा टेकापोला. गुढीची काठी कुठून आणायची हा प्रश्न आईने लगेच काढला. चालण्याची काठी चालेल, असं नवरा म्हणाला आणि तिने त्याच्याकडे जसं पाहिलं तसं पाहिलं.

त्यांच्यासाठी ऑराकी, म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी टास्मान हिमनदीचा सज्जा, वीसेक मिनिटांच्या पायऱ्या चढून. समोरच्या तळ्यात हिमखंड तरंगतात. ते तळं १९७० च्या आधी नव्हतंच. हिमनदी वितळत मागे गेली तसं तयार झालं. आर्थर्स पासमधून जाणारी आगगाडीही त्याच रकान्यात. ओटॅगोचा १५२ किलोमीटरचा सायकलमार्ग, बंद पडलेल्या रेल्वेच्या रुळांच्या जागी केलेला, बाबांनी ‘बघू’ म्हणून ठेवलाय. ते शाळेपासून पासष्टीपर्यंत पुण्यात सायकलवर फिरले, त्यामुळे मी तो काढलेला नाही.

बंजीचं एकदाचं मिटलं. क्वीन्सटाउनजवळ कावाराऊ पुलावर १९८८ मध्ये जगातलं पहिलं कायमस्वरूपी व्यावसायिक बंजी सुरू झालं, ४३ मीटर. ‘एकट्याने’ असा नवा रकाना करून ते त्याच्या नावावर टाकलं. माझ्या नावावर त्या रकान्यात पोर्ट हिल्स आहेत. शहराला लागूनच्या टेकड्या, ऑफिस सुटल्यावर जाऊन येण्यासारख्या. रोज तळजाईला जाणाऱ्या माणसाला परक्या गावात आधी ती टेकडी शोधावीशी वाटते, आणि मला वाटतं दोन वर्षांत सर्वांत जास्त वेळ मी तिथेच घालवणार आहे. शीटमध्ये तिला तारीख नाही.

सामानाचं थोडक्यात. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात; त्यातलं ‘कम्फर्ट’ लिहिलेलं बघायचं, ‘लिमिट’ नाही, आणि ‘एक्स्ट्रीम’ तर विसरायचंच. सुती कपडे घरी, लोकरीचे बनियन तिथे. संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारं बीकन भारतात घ्यायच्या फंदात पडलो नाही. उपग्रहाशी बोलणारी साधनं इथे परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि तिथे ती भाड्याने मिळतात. अपघात झाला तर तिथली सरकारी योजना पाहुण्यांच्याही उपचाराचा बराच खर्च उचलते, पण विमा तरी घ्यायचाच.

राहता राहिले बूट. न्यूझीलंडमध्ये बाहेरची माती, बी, गवताची काडी येऊ नये म्हणून विमानतळावर वापरलेले बूट, तंबू, काठ्या जाहीर कराव्या लागतात आणि तपासल्या जातात. जाहीर न करता सापडलं तर जागेवर चारशे डॉलर दंड. सह्याद्रीची लाल माती ज्या बुटांच्या शिवणीत वर्षानुवर्षं मुरली आहे त्यांची अवस्था कल्पना करा. गेले काही दिवस बाल्कनीत जुना टूथब्रश, टाचणी आणि साबण घेऊन बसते. तळव्याच्या खाचांतून कुसळं निघतात, खडे निघतात. शिवणींतून तर अजून पाणी लालच येतंय. बूट होतील. तंबू मात्र धुऊन पूर्ण वाळवूनच बांधायचाय, निघायला महिना उरलाय, आणि पुण्यात दोन आठवडे ऊन नाही. आईने तो आत आणून दिवाणखान्यात पंख्याखाली टांगलाय. पाहुणे आले की त्याच्याखालून वाकून सोफ्यापर्यंत जातात.